सायीच्या केकचं शुद्धिपत्र

वहिनी, तुमच्या प्रार्थनासभेत लोक सगळ्यात जास्त रडले ते मी लिहिलेल्या मजकुरावर. मी बोललो मात्र नाही. तिसऱ्या ओळीत मांडी घालून बसलो होतो. मजकूर तुमच्या निखिलनं वाचला, मोबाईलवरून. मध्ये दोनदा थांबला, एकदा खरोखर गळा दाटला म्हणून आणि एकदा ऑफिसचा फोन आला म्हणून.

तुम्हाला ती सभा आवडली नसती. सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये पांढऱ्या चादरी, कोपऱ्यात घरघरणारे दोन एअर प्युरिफायर आणि समोर दरवाजाएवढा तुमचा फोटो. निखिलच्या लग्नातला. त्यातल्या शालूबद्दल 'दुकानात पडद्याचं कापड उरलं असेल' असं तुम्हीच म्हणाला होतात. भाड्यानं आणलेल्या भजनवाल्यानं तुम्हाला दोनदा 'सुनीताजी' केलं. सुनंदाच्या वाट्याची शांती कुठल्या सुनीताला मिळाली कोण जाणे.

मग निखिलनं वाचलं. "माझ्या आईला ही कला तिच्या सासूबाईंकडून मिळाली. सांगलीच्या घरी, निखाऱ्यांच्या मंद आचेवर, आजीनं सायीचा पहिला केक भाजला आणि त्या ममतेचा सुगंध पिढ्यान्‌पिढ्या..." पुढचं तुम्हाला पाठ आहे. केकच्या प्रत्येक खोक्याला कार्डावर छापून बांधलेलं होतं ते. बी ब्लॉकमधल्या एका बाईंनी इथे दुपट्टा डोळ्यांना लावला. न झालेल्या केकसाठी, कधी न पेटलेल्या निखाऱ्यांसाठी त्या रडत होत्या, आणि मी मनातल्या मनात बघत होतो की वाक्य जरा लांबलंय.

सगळ्यांच्या मागे दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर मनजीत भाभी बसल्या होत्या. गुडघ्यामुळे त्यांना खाली बसता येत नाही. त्या रडत नव्हत्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या, आणि मला तेच सोयीचं वाटत होतं.

तुम्ही शेजारी असतात तर मला कोपरानं ढोसलं असतंत. मी तरीही उठलो नसतो. नोकरीभर साहेब लोकांची भाषणं लिहिली. आपलं लिहिलेलं दुसरा वाचत असताना जागेवर बसून राहायचं, हे एवढंच मी त्या खात्यात नीट शिकलो.

म्हणून आता लिहितो आहे. आपल्या मंडळाच्या अंकासाठी संपादकांनी तुमच्यावर 'हृद्य आठवणी' मागितल्या आहेत, दोन पानं, सोबत फोटो. पानं जास्त होतील आणि फोटो देणार नाही. तुमची आणि मनजीत भाभींची मैत्री माझ्या एका कार्डानं मोडली, आणि ती जोडण्याची एकच संधी आली तेव्हा तीही मीच घालवली. यातलं पहिलं तुम्हाला माहीत आहे. दुसरं माहीत नसताना तुम्ही गेलात. तिथपर्यंत यायला मी वेळ लावणार आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

सरोजिनी नगरचं ते क्वार्टर आठवतं ना? दोन खोल्या, मागे व्हरांडा. नोकरी लागून मी दिल्लीत आलो तेव्हा त्या व्हरांड्यात माझी खाट पडली. तुम्ही माझ्या आधी वर्षभर आला होतात आणि तोवर तुमची हिंदी भाजीवाल्यापुरती झाली होती. समोरच्या दारात मनजीत भाभी. त्यांचे यजमान दादाच्याच ऑफिसात. पहिल्या थंडीत त्या एका ताटलीत केकचा तुकडा घेऊन आल्या. "घर का है. मलाई का." तुम्ही तो खाल्लात आणि शब्द न सापडल्यामुळे नुसतं हातानं विचारलंत, कसा? त्यांनी तोच हात धरला आणि तुम्हाला आपल्या स्वयंपाकघरात नेलं. मी दोन तास चहाची वाट बघत बसलो, म्हणून लक्षात आहे.

त्यांच्याकडे ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काचेची खिडकी असलेला. तसला ओव्हन आपल्याकडे यावा म्हणून तुम्ही आईची किती मनधरणी केलीत. माझ्या आईचं उत्तर ठरलेलं. "त्या भांड्यात कोण काय शिजवतं आपल्याला काय ठाऊक. माझ्या ओट्यावर नको." नवं आणू म्हटलं तरी तेच. तिच्या लेखी ओव्हन दुकानातूनच बाटून येत असावा.

मग तुमची पद्धत पडली. पीठ आपल्या स्वयंपाकघरात कालवायचं आणि भाजायचं समोर. आई दुपारी पडली की तुम्ही डबा वर्तमानपत्राखाली झाकून जिना ओलांडायचात. कालवायला साय लागायची, आणि साय म्हणजे तर आईची मालमत्ता. आठवडाभर साठवायची, विरजायची, रविवारी घुसळायची, लोणी काढायचं, तूप कढवायचं. तुम्ही त्यातली दोन वाट्या साय काढायचात. आईला तूप कमी भरायला लागलं.

"सुनंदा, साय कमी कशी?"

"दूध पातळ येतंय हल्ली, आई."

झालं. आई भांडं घेऊन दुधाच्या बूथवर गेली आणि तिथल्या माणसाशी महिनाभर मराठीत भांडली. तो बिचारा रोज हात जोडायचा. घरात खोटं बोलायची पद्धत तुम्ही आणलीत, असं मी तुम्हाला नंतर कितीदा चिडवलं. तुम्ही म्हणायचात, "माझ्या खोट्यानं कोणाचं नाव गेलं नाही, भाऊजी." तेव्हा ते मी विनोद म्हणून घ्यायचो.

आणि तो पहिला, तुमच्या हातचा केक. मनजीत भाभी ताजी साय घालायच्या, तुम्ही फडताळातून उचललीत ती विरजलेली. पंजाबी घरात सायीला विरजण लावत नाहीत हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि मराठी घरात लावतात हे त्यांना. आंबट वास आल्यावर तुम्ही दोघी घाबरलात. तरी फेकायचं कसं म्हणून सोडा घालून ओव्हनमध्ये ठेवलंत, आणि तो असा फुगला की काचेच्या खिडकीला टेकला. मनजीत भाभी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "लो जी. तेरी सास की खटाई काम आ गई." त्या दिवसापासून त्याही साय विरजायला लागल्या. सायीच्या केकमध्ये माझ्या आईचं योगदान एवढंच, आंबटपणा. आणि तोही तिला न विचारता घेतलेला.

कापायचात मात्र तुम्ही वड्या. गोल केकच्या, शंकरपाळ्याच्या आकाराच्या. कडेचे तुकडे वाकडे निघायचे, ते माझे. "ये केक है कि बर्फी, पहले फ़ैसला कर ले," भाभी म्हणायच्या. तुमचं म्हणणं, त्रिकोणी तुकडा दिला की माणसाला वाढदिवस झाल्यासारखं वाटतं आणि तो उगाच संकोचतो. वडी कुणीही उभ्या उभ्या उचलतो. मेणबत्त्या तुम्हाला चालत नसत. नाव लिहिणं चालत नसे. "नाव लिहिलं की समारंभ झाला, समारंभ झाला की खुर्च्या आल्या." हे तुमचं वाक्य मी एका साहेबांच्या भाषणात घालून पाहिलं होतं. त्यांनी काढून टाकलं.

आणि निमित्तं तरी कसली. दादाची बदली रद्द झाली. टेलिफोन आला. मनजीत भाभींच्या सासऱ्यांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. निखिल गणितात पास झाला, जेमतेम. आणि मी खात्याच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालो तो दिवस. व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तुम्ही खाटेच्या कडेवर ताटली ठेवलीत.

"हे कशाबद्दल?"

"नापास झालात म्हणून."

"वहिनी, चेष्टा नको."

"चेष्टा कसली. पास झालेल्याला सगळं गाव पेढे देतं. तुम्हाला कोण देणार आहे?"

मी उठून बसलो आणि सहा वड्या खाल्ल्या. आयुष्यात मला पुढे दोन मानपत्रं मिळाली. दोन्हीचे मसुदे मीच लिहिले होते. त्या ताटलीचा मसुदा कोणी केला नव्हता. मी लग्न केलं नाही, वेगळं बिऱ्हाड केलं तरी दर रविवारी तुमच्याच घरी जेवलो, आणि माझ्या आयुष्यात जे काही न मागता मिळालं ते बहुतेक त्या वड्यांच्या आकाराचं होतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असता, "भाऊजी, कोणाचं भाषण लिहिताय?"

निवृत्तीनंतर दादानं आणि भाभींच्या यजमानांनी ठरवून नोएडात एकाच सोसायटीत घरं घेतली. तुम्ही चौथ्या मजल्यावर, त्या सहाव्या. आई तोवर गेली होती. ओव्हन तुम्ही अखेर स्वतःचा घेतलात, तरी पहिले दोन महिने सवयीनं डबा घेऊन लिफ्टपाशी जायचात. मग भाभींचे यजमान गेले, मग दादा. तुम्ही दोघी संध्याकाळी खाली बाकावर बसायला लागलात. काय बोलायचात ते मी एकदा विचारलं. "काही नाही. ती तिच्या सुनेबद्दल बोलते, मी माझ्या. मग दोघी उठतो." असं साधं, टिकाऊ काहीतरी होतं ते.

आणि मग निखिलला तुमची काळजी वाटायला लागली. मुलगा वाईट नाही. गुरुग्रामच्या ऑफिसात राहून त्याला प्रेम करायची एकच रीत येते, प्रकल्प काढायची. आईला कशात तरी गुंतवायचं म्हणून त्यानं तुमच्या केकला नाव दिलं, खोकी छापली, फोनवर पान उघडलं. नाव इथे लिहीत नाही. इंग्रजी होतं आणि त्यात एक आजी होती. तुम्ही एवढंच म्हणालात, "करू दे. त्याला बरं वाटतंय."

मग तो माझ्याकडे आला. "काका, कार्डावर स्टोरी पाहिजे. लोक केक घेत नाहीत, स्टोरी घेतात."

"मग खरी लिही. समोरच्या मनजीत भाभींनी शिकवला."

"नेबर म्हणजे हेरिटेज नाही ना, यार. आजी पाहिजे. थोडं गाव पाहिजे."

मी त्याला नाही म्हणायला हवं होतं. मी पेन उघडलं. वीस मिनिटांत आई, सांगली, निखारे, ममता, सगळं उतरलं. हिंदीतून आणि इंग्रजीतून. मला मजा आली, हेही लपवत नाही. ज्या बाईनं आयुष्यभर ओव्हनला ओट्यावर जागा दिली नाही तिला मी केकची आद्य जननी केलं. यातला विनोद फक्त तुम्हाला आणि मला कळणार होता, आणि तेवढे वाचक मला पुरेसे होते.

तुम्ही वाचलंत आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलात. "सासूबाई? अहो, त्या वाचतील तर खाली येतील." मग चष्मा परत घातलात, कार्ड उलटून पाहिलंत. "मनजीतचं नाव कुठाय?"

"जागा नव्हती."

कार्डाच्या मागे फुलांची वेल छापलेली होती. तुम्ही त्या वेलीवरून बोट फिरवलंत.

सोसायटीचा दिवाळी मेळा. तुमचं टेबल, पांढरं कापड, खोक्यांचा मनोरा. तुम्हाला एप्रन घातला होता. केक त्या दिवशी पहिल्यांदा त्रिकोणी कापला होता, कारण खोकी तशी होती. मनजीत भाभी काठी टेकत आल्या, एक खोकं उचललं आणि कार्ड डोळ्यांपासून लांब धरून मोठ्यानं वाचायला लागल्या. त्यांना वाटलं, यात आपण असू. हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. अर्ध्यावर त्या हसल्या. "सास ने? तेरी सास ने सिखाया? जो मेरे घर का पानी नहीं पीती थी?"

तुम्ही तोंड उघडलंत. नेमका तेव्हाच निखिल मोबाईल रोखून समोर आला. "आई, इकडे बघ. आजीबद्दल बोल ना दोन वाक्यं. हिंदीत." मागे लोक थांबले होते. तुम्ही भाभींकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. मी मान हलवली. बोला, अशी. आणि तुम्ही कॅमेऱ्यात बघून म्हणालात, "हाँ, ये मेरी सासूमाँ का केक है."

मनजीत भाभींनी खोकं मनोऱ्यावर परत ठेवलं. नीट, कडा जुळवून. आणि गेल्या.

त्यानंतरचं वर्ष तुम्ही माझ्याशी भांडण्यात घालवलंत. दर रविवारी, आमटी वाढता वाढता.

"नवं कार्ड कधी छापताय?"

"पुढच्या छपाईला."

"भाऊजी, तुम्ही लिहिलंय, तुम्हीच खोडा."

"वहिनी, कार्ड म्हणजे काय शपथपत्र आहे? लोक वाचतात आणि फेकतात."

"तिनं फेकलं नाही."

"आईचं विरजण तर होतंच ना त्यात. म्हणजे अगदीच खोटं नाही."

"विरजणाला शिकवणं म्हणत नाहीत."

तुमच्याकडे दरवेळी एकच मुद्दा असायचा आणि माझ्याकडे बरेच. बरेच मुद्दे कोणाकडे असतात, हे मला सरकारी नोकरीत कळायला हवं होतं. मी म्हणायचो, तुम्ही स्वतः जाऊन बोला, दोन मजल्यांचा तर प्रश्न. तुम्ही म्हणायचात, "काय तोंडानं जाऊ? कॅमेऱ्यात मी बोलले, तुम्ही नाही. हातात दुरुस्त केलेलं कार्ड असेल तर जाईन." दोनदा तुम्ही लिफ्टपर्यंत गेलात, हे मला वॉचमननं सांगितलं. लिफ्टमध्ये गाठ पडली की "कैसे हो जी" आणि "बस, ठीक". बाकावर तुम्ही बसेनाशा झालात, कारण त्या बसायच्या. मग त्याही बसेनाशा झाल्या. बाकावर आता ड्रायव्हर लोक बसतात.

केकमध्ये साय घालणंही तुम्ही बंद केलंत. बाजारचं लोणी आणलंत. निखिलच्या गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. निमित्तांचे केक तर कधीच थांबले होते. ऑर्डरी होत्या ना.

कार्डाचा नवा मजकूर म्हणाल तर चार ओळींचा होता. मला दहा मिनिटं लागली असती. मी ते का केलं नाही याचं उत्तर वर्षभर शोधलं नाही, आता शोधलं. पहिलं कार्ड चांगलं लिहिलं गेलं होतं. मला ते खोडवेना. एवढंच.

आता हॉस्पिटल.

सहा दिवस होतात तुम्ही तिथे. आयसीयूत भेटायची वेळ पाच ते सहा, पास एक, तो गळ्यात घालून एकानं आत जायचं, बाहेर येऊन दुसऱ्याला द्यायचा. चौथ्या दिवशी तुम्ही शुद्धीवर होतात, बोलत होतात, डॉक्टर आशेनं बोलत होते. निखिल कुठल्या तरी तपासणीच्या कागदांसाठी खाली अडकला होता. त्याचा फोन आला. "काका, माझे सर गुरुग्रामहून निघालेत. स्पेशली येतायत. त्यांना जरा आत पाठवा."

मनजीत भाभी आल्या त्या सरांच्या आधी. ई-रिक्षानं, एकट्या. हातात काही नव्हतं. मला म्हणाल्या, "एक मिनट मिल लूँ?" पास माझ्या हातात होता. मी म्हणालो, "एक साहब आ रहे हैं, भाभीजी. उनके बाद."

साहेब पावणेसहाला आले. ट्रॅफिक, सॉरी, यार क्या हाल है दिल्ली का. हातातला फुलांचा गुच्छ गार्डनं बाहेरच काढून घेतला. आत ते चार मिनिटं उभे राहिले. तुम्ही त्यांना ओळखत नव्हतात आणि ते तुम्हाला. बाहेर येऊन त्यांनी डॉक्टरांना गाठलं आणि गळ्यात तो पास तसाच ठेवून, अमेरिकेत अशा केसमध्ये काय करतात ते विचारत राहिले. मी पास मागू शकलो असतो. एवढ्या मोठ्या माणसाच्या गळ्यातून पास कसा मागायचा, असं मला वाटलं. आयुष्यभर ज्या लोकांना मी मनात हसलो त्यांच्यासमोर मी आयुष्यभर उभाही राहिलो होतो. सहा वाजले. गार्डनं दार लावलं. मी भाभींना म्हणालो, "कल आइए. आराम से मिल लेना." त्या "अच्छा" म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठल्या.

साडेसहाला नर्सनं मला तुमचा चष्मा द्यायला आत बोलावलं. तुम्ही विचारलंत, "कोण कोण आलं होतं?"

"निखिलचे साहेब. तुम्ही भेटलात ना."

"तो होय. आणि मनजीत?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? 'हो' म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, मग आत का नाही पाठवलंत. त्याचं उत्तर मला देता आलं नसतं. 'नाही' हा शब्द लहान होता. मला वाटलं, एका रात्रीचा प्रश्न आहे, उद्या त्या येतीलच.

तुम्ही छताकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बरोबर आहे तिचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्हाला व्हेंटिलेटरवर ठेवलं. भेटी बंद झाल्या. तुमचं माझ्याशी शेवटचं वाक्य तेच राहिलं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी सहाव्या मजल्यावर गेलो. मनजीत भाभींनी दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी आधी कार्डाचं सांगितलं. ते मी लिहिलं, सुनंदावहिनींनी नाही, त्या वर्षभर माझ्यामागे होत्या की बदला.

"वो तो मुझे उसी दिन पता था," त्या म्हणाल्या. "'ममता की सुगंध'. सुनंदा को ऐसी हिंदी कहाँ आती थी."

"फिर आप..."

"कार्ड का क्या है, भाईसाहब. मैं तो इंतज़ार कर रही थी कि वो आके कहे, मनजीत, देख इन लोगों ने क्या लिख दिया. हम दोनों हँसते."

मी म्हणालो, त्या दुरुस्त केलेलं कार्ड घेऊन येणार होत्या. भाभींनी मान हलवली. त्या दोघींच्या मध्ये वर्षभर मी कुठे बसलो होतो, ते मला त्या मान हलवण्यात दिसलं.

मग मी हॉस्पिटलचं सांगितलं. तुम्ही विचारलं होतंत. मी काय उत्तर दिलं. सगळं. त्या ऐकत राहिल्या. टीव्हीवर आवाज बंद करून कीर्तन चाललं होतं.

"फिर क्या बोली वो?"

हे मी गाळू शकलो असतो. मी सांगितलं, "बोलीं, मनजीत सही कर रही है."

त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "सच बोलना था तो तब बोलते जब उसके काम का था. अब तो ये सिर्फ़ आपके काम का है."

मी उठलो. दारापर्यंत त्या आल्या नाहीत. गुडघा दुखत असेल, असं मी लिफ्टमध्ये स्वतःला सांगायला लागलो, आणि तळमजला येईपर्यंत ते सांगणं बंद केलं.

सरकारी शुद्धिपत्र फार लहान असतं. अमुकच्या जागी तमुक असे वाचावे, बस. तेव्हा: सर्व खोकी, कार्डे, चित्रफिती व प्रार्थनासभा यांत जिथे 'सासूबाई' आले आहे तिथे 'मनजीत कौर' असे वाचावे. सांगली, निखारे व ममता वगळावे. निखिलला हे मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काका, आता कशाला?" मनजीत भाभींना मराठी वाचता येत नाही, आणि मी जाऊन वाचून दाखवावं असं त्यांनी म्हटलेलं नाही.

त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, वहिनी. हे आता माझ्याच कामाचं आहे. तरी चौथ्या दिवसाबद्दल तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं होतं, ते तसं राहू देता येत नाही. त्या आल्या होत्या. पाचला पाच मिनिटं कमी असताना आल्या आणि दार लागेपर्यंत समोरच्या बाकड्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. त्या तासाभरात त्यांनी मला दोनदा विचारलं, "अब अंदर जाऊँ?"